चेंडू थांबला होता

सरोवराकाठच्या बालिकची गावात, स्टेशनामागे मासळीचं जुनं गोदाम होतं. तिथं जापारनं बिलियर्डचा हॉल काढायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या बायकोनं, उमसुनायनं, त्याला एकच प्रश्न विचारला, "माणसं येतील का?" जापार म्हणाला, "या गावात वारा असा सुटतो की माणसाला कुठंतरी आत जाऊन बसावंच लागतं. येतील." माणसं आली. ती भांडायलाही येणार आहेत, हे मात्र जापारनं तिला सांगितलं नव्हतं.

पुढं जापार छातीत कळ येऊन गेला. तीन मोठी टेबलं, भिंतीवरच्या काठ्या, हिरव्या कापडाची गुंडाळी आणि रोजची भांडणं उमसुनायच्या गळ्यात पडली. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. सकाळी शाळा आणि दुपारनंतर हॉल, असं तिचं सुरू झालं. मी तेव्हा स्टेशनावर सिग्नलच्या खोलीत होतो. ड्यूटी संपली की रूळ ओलांडायचा आणि हॉलच्या दाराजवळच्या बाकावर जाऊन बसायचं, हा माझा नेम. खेळणं मला कधी जमलं नाही. बघणं जमायचं.

भांडणं कशावरून, तर नियमांवरून. आमचा खेळ तसा साधा. पंधरा पांढरे चेंडू, एक रंगीत. मुठीत मावणार नाहीत एवढे मोठे आणि दगडासारखे जड. कुठल्याही चेंडूनं कुठलाही मारा, आणि ज्याचे आठ आधी पॉकेटात जातील तो जिंकला. पॉकेटं अशी अरुंद की चेंडू जेमतेम आत शिरतो. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. यापुढं प्रत्येक टेबलाचा कायदा वेगळा. बंदरावरचे लोक म्हणत, मारलेला चेंडू दुसऱ्याला आपटून स्वतःच आत गेला तर तो आधी बोललेला असला पाहिजे. रेल्वेवाले म्हणत, गेला तो गेला, बोलायचं काय त्यात? कोटाची बाही चेंडूला लागली तर काही जण पाळी सोडत आणि काही जण कोटाची शिवण दाखवून वाद घालत. फाउल झाला तर चुकणाऱ्यानं आपल्या फळीवरचा, म्हणजे आधी मिळवलेला, एक चेंडू परत टेबलावर ठेवायचा, ही आमच्या गावची जुनी रीत. पण फाउल झाला हेच कुणी कबूल करत नसे.

"वर्गात पोरं बरी," उमसुनाय मला म्हणायची. "चुकलं की निदान खाली तरी बघतात."

एकदा दोघांनी एकमेकांच्या काठ्या मोडल्या, आणि ती उठून राजधानीला, बिश्केकला गेली. तिथं पंचांची परीक्षा असते. ती देऊन, पास होऊन परतली. येताना छापील नियम घेऊन आली आणि कोळशाच्या शेगडीजवळच्या भिंतीवर ते चिकटवले. सगळ्यांनी कौतुकानं बघितलं. वाचलं कुणी नाही.

आके म्हणजे दादा; तर अबदिश आके म्हणून एक जण रोज यायचे. खेळापेक्षा त्यांची जीभच जास्त चालायची. उमसुनायला सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणत. अबदिश आके भिंतीपाशी जाऊन म्हणाले, "एजे, हे रोज जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर?"

सगळे हसले. उमसुनायही हसली. तिला वाटलं, हसले म्हणजे हळूहळू मान्य करतील.

कशाचं काय! नव्या नियमात सगळ्यांना खुपली ती फाउलची शिक्षा. चुकणाऱ्यानं चेंडू परत ठेवायचा नाही. उलट समोरच्यानं टेबलावरचा एक चेंडू उचलून स्वतःच्या फळीवर ठेवायचा. एक फाउल म्हणजे समोरच्याला एक चेंडू फुकट. हे ऐकून जापारचा थोरला भाऊ म्हणाला, "न मारता चेंडू? हा काय खेळ झाला? ही तर खिरापत!"

जापारच्या या भावाचं नाव कादिरकुल. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस. बोटं दोरखंडासारखी जाड, पण काठी धरली की हात असा हलका पडे की बघत राहावं. एक गुडघा कामातून गेलेला. जापार गेल्यावर हॉलचं गळकं छप्पर त्यानंच पत्रे आणून घातलं. हिवाळ्यात स्वतः कोळसा आणून टाकायचा. उमसुनायला ते सगळं आठवत होतं, आणि म्हणूनच तिची जास्त पंचाईत व्हायची. कारण हॉलमध्ये वाद झाला की लोक भिंतीकडे बघत नसत, कादिरकुलकडे बघत. आणि ती काही सांगायला पुढं झाली की तो मायेनंच म्हणे, "केलिन, तू चहा बघ. नियमाचं आम्ही बघतो."

केलिन म्हणजे घरची सून. ती सून घरातही आणि हॉलमध्येही.

तो वसंत मला आठवतो. काराकोलला विभागाची स्पर्धा होती. प्रत्येक गावातून एकच खेळाडू जाणार होता. जिल्ह्याच्या क्रीडा कचेरीतला तालाय नावाचा तरुण अधिकारी हॉलवर आला आणि म्हणाला, "एजे, निवड तुमच्याकडेच होऊ दे. पण सगळं नव्या नियमांनी. काराकोलला आपलं हसं नको. तुम्ही परीक्षा दिलेल्या आहात, पंच तुम्हीच."

उमसुनायच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी जापार गेल्यापासून पाहिला नव्हता. तिनं टेबलाचं कापड बदललं, दिव्याच्या काचा पुसल्या, पांढरे हातमोजे आणले.

आणि अंतिम सामना नेमका कादिरकुल आणि मेदेर यांच्यात आला.

मेदेर बिश्केकची मिनीबस चालवायचा. शाळेत तो उमसुनायच्याच हाताखालून गेलेला. नजर तीक्ष्ण, हात वेगवान, आणि तोंड दोन्हींपेक्षा वेगवान. म्हाताऱ्यांना हरवायला त्याला मनापासून आवडायचं.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. बाहेर सरोवरावरून वारा सुटलेला, पत्रे वाजत होते. उमसुनायनं हातमोजे चढवले आणि सुरुवातीलाच नियम मोठ्यानं वाचले. फाउलची शिक्षा दोनदा वाचली. "कळलं?" तिनं विचारलं. दोघांनी माना डोलावल्या. कादिरकुल काठीला खडू लावत होता, आणि मेदेर मित्राला डोळा मारत होता.

मग तिनं नावं पुकारली. "पहिला खेळाडू, मेदेर. दुसरे..."

ती थांबली. आमच्याकडे सून सासरच्या थोरल्यांचं नाव तोंडात घेत नाही. हल्लीच्या पोरी घेतात, पण उमसुनायनं लग्न होऊन आल्यापासून कधी घेतलं नव्हतं.

"दुसरे, आमचे चोंग आके," ती म्हणाली. म्हणजे थोरले भाऊ.

"पंचबाई, त्यांना नाव नाही का?" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला. उमसुनाय कानापर्यंत लाल झाली. कादिरकुल मात्र खूश झाला. "आमच्या घरात अजून रीत आहे," तो म्हणाला. "चल पोरा, फोड, डाव सुरू कर."

सामना चांगलाच रंगला. मेदेरनं धडाधड चार चेंडू घातले. कादिरकुलनं शांतपणे एकेक करत ते फेडले. मध्ये दोनदा उमसुनायनं त्याला सांगितलं, "चोंग आके, चेंडू थांबू द्या, मग मारा." त्यानं मान हलवली आणि पुन्हा तेच केलं. तिनं दोन्ही वेळा समज देऊन सोडलं. मेदेर पुटपुटला, "आमच्यासाठी पण एवढंच मऊ राहा, एजे." ते तिला लागलं. तिथून पुढं तिचा चेहरा दगडासारखा झाला.

दोघांचे सात-सात झाले. टेबलावर उरले दोनच चेंडू. जो आता घालेल तो काराकोलला जाणार. पाळी कादिरकुलची.

त्यानं वेळ घेतला, वाकला आणि मारलं. चेंडू कोपऱ्याच्या पॉकेटाकडे सरळ गेला, एका जबड्याला लागला, दुसऱ्याला लागला, गरगरला आणि ऐन तोंडावर उभा राहिला. अर्धा आत, अर्धा बाहेर.

"पड, माझे आई, पड," अबदिश आके म्हणाले.

तो पडला नाही. उमसुनाय वाकली. डोळा चेंडूच्या पातळीला आणून तिनं बघितलं. मग सरळ झाली, हात वर केला आणि म्हणाली, "पाळी मेदेर..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत टेबलावरचा दिवा झुलायला लागला. शेगडीवरचं झाकण खडखडलं. कपाटातले पेले एकमेकांवर आपटले. कुणीतरी ओरडलं, "हलतंय!" आणि सगळा हॉल दारातून बाहेर पडला. मी दाराजवळच होतो, त्यामुळे बाहेर पडणारा पहिला मीच.

अशी जमीन आमच्याकडे अधूनमधून हलते. अंगणात उभं राहायचं, कुत्री भुंकायची थांबली की आत जायचं. लोक घरी फोन करत होते, कुणी सिगारेट पेटवली होती, एकमेकांना 'तूच आधी पळालास' म्हणून चिडवत होते. तेवढ्यात उमसुनायच्या लक्षात आलं की कादिरकुल बाहेर आलेलाच नाही. ती धावत आत गेली. मागून आम्ही.

तो टेबलाशेजारच्या खुर्चीत बसला होता, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून.

"चोंग आके! बाहेर का नाही आलात?"

"या गुडघ्यानं कुठं पळू? आणि छप्पर मी घातलंय. ते पडायचं नाही." मग त्यानं हनुवटीनं कोपऱ्याकडे खूण केली. "पण तो पडला."

पॉकेटाच्या तोंडावर चेंडू नव्हता. तो खाली जाळीत होता. दुसरा चेंडू टेबलभर हिंडून अलीकडच्या कडेला येऊन बसला होता.

"झालं तर मग," अबदिश आके म्हणाले. "आठ झाले. मुबारक!"

"झालं काय?" मेदेर पुढं आला. "तो थांबला होता. सगळ्यांनी बघितलं." आणि मग, जे बोलायला नको होतं ते बोलला. "आत एकटे तेच होते. पडला, की पाडला?"

कादिरकुल खुर्चीचा हात धरून उठला. क्रेनवर ज्याच्या हाताखाली माणसं निर्धास्त उभी राहायची, त्याला कुणी असं विचारलं नव्हतं.

"तुझ्या बापाला मी खांद्यावर बसवून सरोवरात पोहायला शिकवलं," तो म्हणाला. "आणि तू मला..."

मग एकच गिल्ला झाला. कुणी म्हणे, चेंडू थांबलाच नव्हता, किंचित डुलत होता. कुणी म्हणे, भूकंप ही देवाची मर्जी, देवानं पाडला तर माणसानं धरावा. एक जण म्हणाला, नान आणा, कादिरकुल आकेंना नानवर हात ठेवून शपथ घेऊ दे. "खेळासाठी भाकरीची शपथ? लाज वाटत नाही?" उमसुनाय ओरडली, पण तो आवाज त्या गर्दीत तिच्यापुरताच राहिला. अबदिश आकेंनी बिश्केकमधल्या भाच्याला फोन लावला, कारण तो म्हणे हा खेळ संगणकावर खेळतो. भाच्यानं विचारलं, "मामा, कुठला खेळ?" तालायला विचारलं तर तो म्हणाला, "दोघांनी समजुतीनं घ्या ना."

"माझं ऐका," उमसुनाय म्हणाली. कुणी ऐकलं नाही. "अहो, मी बघितलंय," ती म्हणाली. कुणी वळलं नाही. सगळ्यांना विचारून झालं. देवाला झालं, भाच्याला झालं, भाकरीलाही विचारायची तयारी होती. हातमोजे घालून जी टेबलाशी उभी होती, तिला कुणी विचारलं नाही. इतक्यात कुणीतरी गर्दीतून हात लांब करून रिकामी केटली तिच्या हातात दिली. "एजे, तेवढा चहा. डोकी गरम झालीत."

ती केटली घेऊन क्षणभर उभी राहिली. मग तिनं ती टेबलाच्या लाकडी काठावर अशी हाणली की झाकण उडून माझ्या पायाशी आलं.

"इथं पंच कोण आहे?" ती म्हणाली.

झाकण अजून वाजत होतं.

"कोण आहे पंच?"

"तुम्ही, एजे," तालाय म्हणाला.

"मग ऐका. चेंडू कसा पडला ते मला माहीत नाही. मी बाहेर होते. जे मी बघितलं नाही त्याबद्दल मी बोलणार नाही, आणि दुसऱ्या कुणी बोललेलं मी ऐकून घेणार नाही. मेदेर, हे तुला." तिनं श्वास घेतला. "पण जमीन हलायच्या आधी चेंडू थांबला होता. मी डोळा लावून बघितलं. थांबलेला चेंडू मागाहून पडला तर तो परत जागेवर ठेवायचा. मारणाऱ्याचा धरायचा नाही. पाळी मेदेरची."

"म्हणजे मी खोटं बोललो?" कादिरकुलनं विचारलं.

"तुम्ही म्हणालात, पडला. पडलाच होता. खोटं काय त्यात?"

"जापार असता तर..."

"जापार असता तर हे त्यानं सांगितलं असतं, चोंग आके. तो नाही, म्हणून मला सांगावं लागतंय."

कादिरकुल खाली बसला आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

तिनं चेंडू जाळीतून काढून पॉकेटाच्या तोंडावर ठेवला. आता दुसरा कुठं होता? मेदेर म्हणे इथं, या जवळच्या ठिपक्यापाशी. कादिरकुलची माणसं म्हणत पार पलीकडच्या कडेला चिकटून. तिनं डोळे मिटले, आठवलं, आणि मधल्या रेषेच्या पलीकडे एका जागी चेंडू ठेवला. दोन्हीकडून कुरकुर झाली. मला वाटतं, दोन्हीकडून झाली म्हणजे जागा बरोबर असावी.

मेदेरच्या हातात सामना आला होता. तोंडावरचा चेंडू, नुसता धक्का पुरे. फक्त मारायचा चेंडू लांब होता.

"टेकूची काठी घे," उमसुनाय म्हणाली. लांबच्या माऱ्यासाठी ती भिंतीवर टांगलेली असते.

"ती म्हाताऱ्यांना ठेवा," मेदेर म्हणाला आणि टेबलावर आडवा झाला. एक गुडघा कडेवर, दुसरा पाय ताणून मागे. त्यानं मारलं. चेंडू चेंडूला लागला आणि तोंडावरचा आत पडला. त्याच्या मित्रांनी आरोळी ठोकली.

"फाउल," उमसुनाय म्हणाली.

आरोळी मध्येच तुटली.

"कसला फाउल?"

"मारताना दोन्ही पाय जमिनीवरून सुटले होते. एक टेकलेला लागतो."

"एजे, मी काय कबुतर आहे?"

लोक हसले, पण ती हसली नाही. मी त्याच बाजूला बसलो होतो. मला नंतर पुष्कळांनी विचारलं, तू बघितलंस का? खरं सांगायचं तर मी चेंडूकडे बघत होतो. सगळे चेंडूकडेच बघत होते. पायाकडे बघणारी एकटी तीच.

"गेलेला चेंडू परत टेबलावर," ती म्हणाली. "आणि फाउलचा एक चेंडू समोरच्याला. चोंग आके, टेबलावरचा एक उचला. तुमचे आठ झाले. सामना तुमचा."

कादिरकुल भिंतीकडून वळला. मला वाटलं, आता तरी त्याचा चेहरा उजळेल.

"मी भीक घेत नाही," तो म्हणाला. "त्यानं त्याचा एक चेंडू परत ठेवावा. आपल्या रीतीनं. आम्ही पुढं खेळतो."

"बरोबर!" मेदेर लगेच म्हणाला. "मी ठेवतो. चला, आके, खेळू."

आणि जे दोघं मघाशी एकमेकांच्या अंगावर जायला निघाले होते, ते खांद्याला खांदा लावून टेबलाशी उभे राहिले. मेदेर स्वतःच्या फळीवरून चेंडू काढायलाही लागला. उमसुनायनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"तशी रीत नाही. सुरुवातीला वाचून दाखवलं होतं. तुम्ही दोघांनी माना डोलावल्या होत्या."

"दोघंही तयार आहेत तर खेळू दे ना, एजे," तालाय म्हणाला. "कशाला ताणता?"

"मग मला कशाला उभं केलंत?" ती म्हणाली. "नव्या नियमांनी खेळवा, असं कोण म्हणालं होतं? भिंत म्हणाली होती?"

तालाय बुटांकडे बघायला लागला. उमसुनायनं हातमोजे काढले, टेबलावरचा एक चेंडू स्वतः उचलला आणि कादिरकुलच्या फळीवर ठेवला. दिवा मालवला. कादिरकुल काठी न घेताच लंगडत निघून गेला.

झालं ते एवढं. पण पुढचं ऐका. मेदेरनं बिश्केकपर्यंतच्या प्रत्येक प्रवाशाला सांगितलं की केलिननं थोरल्या दिराला जिंकवून दिलं. आणि कादिरकुलच्या घरी म्हणायला लागले की केलिननं भर हॉलमध्ये थोरल्या दिराचा अपमान केला. एकाच दुपारच्या या दोन गोष्टी गावात शेजारी-शेजारी चालल्या, आणि लोक दोन्हींवर विश्वास ठेवायचे. कादिरकुलच्या नातवाच्या बारशाला सगळं बालिकची जेवलं. उमसुनायला आमंत्रण नव्हतं.

हॉलमध्ये येणं बंद झालं. माणसं हमामखान्यातल्या एकुलत्या टेबलावर जायला लागली. तिथलं कापड फाटलेलं, आणि टेबल एका अंगाला असं कललेलं की चेंडू सोडला की आपोआप दाराकडे जातो. पण तिथं कुणी काही विचारत नसे.

मी मात्र बाकावर येऊन बसायचो. उमसुनाय रिकाम्या टेबलांवरून ब्रश फिरवायची.

"मी चुकले कुठं, सांग," ती एकदा म्हणाली.

"चुकली नाहीस."

"तेच तर! चुकले असते तर माफी मागून मोकळी झाले असते. आता काय करू?"

मी चहा प्यालो.

कादिरकुल काराकोलला जाणार नाही असं सगळीकडे सांगत होता. आणि स्पर्धेच्या दिवशी पहाटेच अबदिश आकेंना घेऊन बसनं गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. बसमधून उतरला तो घरी न जाता तडक हॉलवर. टोपी हातात, चेहरा लालबुंद. उमसुनाय उभी राहिली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच उंबरा ओलांडत होता.

"केलिन, तिथला पंच गाढव आहे," तो म्हणाला.

"बसा, चोंग आके. काय झालं?"

"पहिल्याच फेरीत मला काढलं. सगळे फाउल धरून! मी मारलं, तर म्हणे आधीचा चेंडू अजून हलत होता."

"हलत होता का?"

"थोडासा! एवढा तेवढा कोण बघतं? एक नाही, दोन नाही, पुन्हा पुन्हा तेच. आणि दर वेळी तो समोरचा पोरगा माझ्या टेबलावरचा चेंडू उचलून घेतोय, सफरचंद वेचल्यासारखा." तो खुर्चीत आदळला. "हे तू मला आधी सांगितलं का नाहीस?"

उमसुनायनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"मी सांगत होते," ती हळू म्हणाली. "त्या सामन्यातसुद्धा सांगितलं. थांबू द्या, मग मारा. भिंतीवर लावलंय."

"भिंतीवरचं कोण वाचतं? तोंडानं सांगायचं."

"तोंडानं सांगायला लागले की तुम्ही चहा मागायचात."

हे ती बोलून गेली आणि तिचा हात तोंडावर गेला. थोरल्या दिराला असं उलट उत्तर तिनं जन्मात दिलं नव्हतं. कादिरकुलला राग आला होता की नाही, मला सांगता यायचं नाही. गुडघा चोळत तो म्हणाला, "चहा देता देता सांगता येत नाही का?"

मग तो उठला, स्वतःची काठी भिंतीवरून काढली, तिला खडू लावला आणि टेबलाशी जाऊन उभा राहिला. "दाखव," तो म्हणाला. "पहिल्यापासून दाखव. पुढच्या वर्षी तू माझ्याबरोबर चल. त्या पंचासमोर उभी राहा आणि त्याला नियम सांग. सगळे सांग. त्याची जिरव."

"चोंग आके, तो बरोबर होता."

"कोण?"

"तो पंच. त्यानं बरोबर धरलं. मी असते तर मीही तेच धरलं असतं."

कादिरकुलनं काठी खाली घेतली. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच दुःख होतं. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

"केलिन," तो म्हणाला, "तू नेमकी कुणाच्या बाजूची आहेस?"

उमसुनायनं केटली उचलली, अंगणात गेली आणि नळ सोडला. केटली केव्हाच भरली होती, पाणी वरून वाहत होतं, तरी ती तशीच उभी होती. आतून कादिरकुल हाक मारत होता, "अगं, दाखवतेस ना?"